गर्भनिरोधक सेवांवर बंदी येत नाही, नुसती कात्री चालते

बेल्जियममधल्या गील शहराच्या एका गोदामात 2025च्या उन्हाळ्यात सुमारे 97 लाख डॉलर किमतीची गर्भनिरोधक साधनं पडून होती. गोळ्या, इंजेक्शनं, तांबी, दंडाच्या कातडीखाली बसवायच्या इम्प्लांटच्या कांड्या. अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेनं ती विकत घेतलेली होती आणि बहुतेक माल आफ्रिकेतल्या देशांत जायचा होता. मग अमेरिकेत सरकार बदललं, मदतीचे करार रद्द झाले आणि हा माल जाळून टाकायचं ठरलं. जाळण्याचा खर्च अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानंच सांगितला: 1 लाख 67 हजार डॉलर. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि गर्भनिरोधन सेवा देणाऱ्या एमएसआयसारख्या संस्था म्हणाल्या, आम्हाला द्या, पुढचं आम्ही बघतो. त्यांना नकार मिळाला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेकडून माल नष्ट केल्याचं सांगण्यात आलं, आणि फ्लँडर्स प्रांताच्या निरीक्षकांनी जाऊन पाहिलं तर माल गोदामातच होता. तिथल्या नियमाप्रमाणे वापरण्याजोगी वस्तू खास परवानगीशिवाय जाळता येत नाही.

या प्रकरणावर जगभर ओरड झाली. का झाली, याकडे बघायला हवं. दाखवायला एक गोदाम होतं, एक आकडा होता, जाळण्याचा निर्णय होता. वर्तमानपत्राला फोटो मिळत होता. गर्भनिरोधक सेवांमधली बहुतेक कपात अशी दिसत नाही. कुठलंही सरकार उठून ‘आजपासून गर्भनिरोधन बंद’ असं म्हणत नाही. दवाखान्याची पाटी तशीच राहते. आत आठवड्यातून पाच दिवस बसणारी नर्स दोन दिवस बसू लागते, तांबी बसवायची तारीख पुढच्या आठवड्याऐवजी दोन महिन्यांनी मिळते, आणि ज्या बाईला आज उत्तर हवं होतं ती परत येत नाही. तिची नोंद कुठेच होत नाही. या सेवा वाचवण्यासाठी जी मोहीम उभी राहते तिचं पहिलं काम म्हणूनच घोषणा देणं हे नसतं. नोंद न झालेली ही बाई हिशेबात आणणं हे असतं.

पैसा कशाला लागतो

गर्भनिरोधनाची साधनं आज फार महाग राहिलेली नाहीत. 2013मध्ये बायर आणि मर्क या कंपन्यांशी करार होऊन गरीब देशांसाठी इम्प्लांटची किंमत जवळपास निम्म्यावर, म्हणजे साडेआठ डॉलरवर आली. कातडीखाली टोचायच्या इंजेक्शनची किंमत त्या देशांसाठी 2017मध्ये 85 सेंटवर आली. हे इंजेक्शन शिकवल्यावर बाई स्वतःच घेऊ शकते. मग अडतं कुठे?

अडतं ते माणसांपाशी. इम्प्लांट बसवायला शिकलेला हात लागतो, निर्जंतुक साहित्य लागतं. तांबी बसवणारी व्यक्ती महिन्याकाठी ठरावीक संख्येनं ती बसवत राहिली तरच हात चालता राहतो. त्याहून महत्त्वाचं काम बोलण्याचं. इंजेक्शननंतर पाळी अनियमित होते, कधी थांबतेच. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर बाई घाबरून पुढचं इंजेक्शन घ्यायला येत नाही. सांगणारीला वेळ हवा, आणि वेळ म्हणजे पगार. शिवाय मालाची मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. पैसे कधी येणार हे माहीत नसेल तर मागणी नोंदवता येत नाही, आणि पैसे उशिरा का होईना आले तरी मधले चार महिने कपाट रिकामं राहतं.

इथे एक तांत्रिक बारकावा आहे आणि सगळ्या विषयाची मेख त्यात आहे. गोळी रोज घ्यायची असते, इंजेक्शन साधारण तीन महिन्यांनी, इम्प्लांट प्रकारानुसार तीन ते पाच वर्षं चालतं, तांब्याची तांबी दहा वर्षांपर्यंत. त्यामुळे कपातीचा परिणाम साधनागणिक वेगवेगळ्या वेळी दिसतो. गोळ्यांचा पुरवठा तुटला तर महिन्याभरात कळतं. इम्प्लांट बसवणाऱ्या नर्सची जागा रद्द केली तर ज्यांच्या दंडात कांडी आधीच आहे त्या बायकांना कळायला दोन-तीन वर्षं जातात. अर्थसंकल्प मात्र एका वर्षाचा असतो. ज्यानं कात्री लावली त्याच्या कारकिर्दीत आकडे शांत राहतात आणि तो छातीठोकपणे सांगू शकतो की, बघा, काही बिघडलं नाही.

आणि काही गरजा तासांत मोजायच्या असतात. संबंधानंतर घ्यायची आपत्कालीन गोळी नेहमीच्या प्रकारात 72 तासांच्या आत घ्यायची, तीही जितकी लवकर तितकी बरी. तांब्याची तांबी त्यासाठी पाच दिवसांपर्यंत बसवता येते. जिथे पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे तिथे सेवा कागदावर चालू असली तरी या बाईपुरती ती बंदच आहे.

हक्क शाबूत, दार बंद

इंग्लंडचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हक्काबद्दल वादच नाही. 1974पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेत गर्भनिरोधन सगळ्यांना मोफत आहे, लग्न झालेलं असो वा नसो. हा हक्क आजही कोणी काढून घेतलेला नाही.

2012च्या आरोग्य कायद्यानंतर, म्हणजे एप्रिल 2013पासून, या सेवेची तीन तुकड्यांत वाटणी झाली. लैंगिक आरोग्य दवाखाने आणि डॉक्टरांकडे बसवायची तांबी-इम्प्लांट स्थानिक नगरपालिकांकडे गेली. डॉक्टरांच्या नेहमीच्या करारातल्या गोळ्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे राहिल्या. गर्भपात आणि नसबंदी तिसऱ्याच स्थानिक आरोग्य मंडळाकडे. ऐकायला ही कारकुनी वाटणी. प्रत्यक्षात काय झालं? हार्मोनची तांबी, म्हणजे तांब्याऐवजी हार्मोन सोडणारं गर्भाशयातलं साधन, दोन कारणांसाठी बसवतात: पाळणा लांबवायला आणि पाळीचा अति रक्तस्राव कमी करायला. वस्तू तीच, बसवणारी तीच, खुर्ची तीच. पण पहिल्या कारणाचे पैसे नगरपालिका देणार आणि दुसऱ्याचे आरोग्य मंडळ. त्यामुळे काही ठिकाणी बाईला तिच्या कारणावरून ‘हे इथे होत नाही’ असं सांगून परत पाठवलं जाऊ लागलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी तांबी बसवतानाच सहज होण्यासारखी. तिचा पैसा वेगळ्या खिशातून यायचा म्हणून अनेक दवाखान्यांत तीही थांबली.

वाटणी झाल्यावर लगेच कात्री आली. 2015च्या जूनमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी नगरपालिकांच्या सार्वजनिक आरोग्य अनुदानातून चालू वर्षातच 20 कोटी पौंड कापले. वर्ष अर्धं सरायच्या आत, ज्यांचे करार झाले होते त्याच पैशांतून. त्यानंतरच्या वर्षांतही हे अनुदान आक्रसत गेलं. हेल्थ फाउंडेशन या संस्थेच्या हिशेबात महागाई आणि लोकसंख्या धरून दरडोई अनुदान 2015-16च्या तुलनेत सुमारे पाव हिश्श्यानं घटलं आहे. नगरपालिकेवर सेवा देण्याचं कायदेशीर बंधन आहे, पण किती दवाखाने, कुठे, किती तास, हे कायदा सांगत नाही. कात्री नेमकी त्या मोकळ्या जागेत चालते. डॉक्टरांना तांबी बसवण्यासाठी मिळणारं शुल्क खर्चाला पुरत नसेल तर ते काम सोडून देतात. त्यांनी काम सोडलं असं जाहीर करायला कोणी पत्रकार परिषद घेत नाही.

अमेरिकेत आणखी दोन प्रकारच्या कात्र्या बघायला मिळतात. टायटल टेन हा गरीब कुटुंबांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या सहीनं सुरू झाला. हो, रिपब्लिकन अध्यक्षाच्या. त्याची वार्षिक तरतूद 2014पासून दहा वर्षांहून अधिक काळ 28.65 कोटी डॉलरवर थिजलेली राहिली. कोणी एक डॉलरही कापला नाही, पण पगार वाढले, भाडी वाढली, औषधं महागली. न कापता कापणं याला म्हणतात. दुसरी कात्री अटींची. 2019मध्ये नियम बदलून गर्भपाताबद्दल माहिती देणाऱ्या, पुढे पाठवणाऱ्या केंद्रांवर इतक्या अटी घातल्या की सुमारे हजार केंद्रं कार्यक्रमाबाहेर पडली. 2018मध्ये 39 लाख लोकांना सेवा मिळाली होती, 2020मध्ये 15 लाखांना. त्यातला काही वाटा कोविडचा, हे मान्य करायला हवं. पण मोठी घसरण कोविडआधीच सुरू झाली होती. या काळात तरतुदीचा आकडा तसाच होता! 2021मध्ये नियम मागे घेतला गेला. बाहेर पडलेली माणसं त्याच दिवशी परत आली असं मात्र झालं नाही.

टेक्ससनं हिशेब दाखवला

कपातीचं काय होतं हे नीट मोजलं गेलेलं ठिकाण म्हणजे टेक्सस. 2011मध्ये तिथल्या विधिमंडळानं कुटुंबनियोजनाची दोन वर्षांची तरतूद सुमारे 11.1 कोटी डॉलरवरून 3.8 कोटींच्या आसपास आणली. 80हून अधिक केंद्रं बंद पडली किंवा त्यांनी ही सेवा सोडली. पुढे जानेवारी 2013पासून गर्भनिरोधनाबरोबर गर्भपाताचीही सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहूड या मोठ्या संस्थेला राज्याच्या महिला आरोग्य कार्यक्रमातून वगळलं. संशोधकांनी जिथे ही केंद्रं होती आणि जिथे नव्हती अशा जिल्ह्यांची तुलना केली आणि निष्कर्ष 2016मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. इम्प्लांट आणि तांबीसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या साधनांसाठी कार्यक्रमाकडे येणारे खर्चाचे दावे 35 टक्क्यांहून अधिक घटले. इंजेक्शन घेणाऱ्या ज्या बायकांच्या भागातली केंद्रं वगळली गेली, त्यांच्यामध्ये सरकारी खर्चानं होणारी बाळंतपणं 27 टक्क्यांनी वाढली.

मोहीम चालवणाऱ्यांनी टेक्ससकडून शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. तिथलं विधिमंडळ काही रातोरात बायकांच्या हक्कांसाठी कळवळू लागलं नाही. राज्याच्याच आरोग्य खात्यानं अंदाज मांडला की कपात अशीच राहिली तर 2014-15च्या काळात सुमारे 24 हजार जादा अनियोजित जन्म होतील आणि करदात्यांवर 27.3 कोटी डॉलरपर्यंत बोजा येईल. म्हणजे वाचवले सुमारे 7 कोटी आणि बिल आलं त्याच्या जवळपास चौपट. हे आकडे बाहेरच्या संस्थेचे नव्हते, सरकारच्याच दप्तरातले होते. 2013च्या अधिवेशनात तरतूद पुन्हा वाढली. पण दवाखाना म्हणजे विजेचा दिवा नव्हे, बटण दाबलं की पुन्हा लागला. जागा सोडलेल्या होत्या, अनुभवी माणसं दुसऱ्या नोकऱ्यांत गेली होती, बायकांची जुन्या केंद्राशी जोडलेली सवय मोडली होती.

वाचवणारा खिसा वेगळा, देणारा वेगळा

टेक्ससचा हिशेब इतका सरळ असेल तर सगळीकडे हेच का दाखवून देत नाहीत? दाखवतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं 2018मध्ये काढलेल्या अंदाजात गर्भनिरोधनावर खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे दहा वर्षांत नऊ पौंड वाचतात. प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या गुटमाखर संस्थेच्या हिशेबात गरीब देशांत गर्भनिरोधनावर वाढवलेल्या दर डॉलरमागे गरोदरपण आणि बाळंतपणाच्या सेवेतले सुमारे तीन डॉलर वाचतात. तरीही कात्री चालते, कारण हे नऊ पौंड ज्याच्या खिशातून एक पौंड गेला त्याच्या खिशात परत येत नाहीत. नगरपालिका तांबीचा खर्च करते. वाचतो तो रुग्णालयाचा, शाळांचा, समाजकल्याण खात्याचा पैसा, तोही पुढच्या दशकात. नगरपालिकेच्या लेखापालाला याच मार्चमध्ये जमाखर्च जुळवायचा असतो. तो दुष्ट नसतो. त्याच्या वहीत या बचतीसाठी रकानाच नसतो.

म्हणून मोहिमेनं कोणाचं दार ठोठवायचं हे ठरवणं निम्मी लढाई आहे. चुकीच्या दारावर कितीही मोठा मोर्चा नेला तरी आतून प्रामाणिक उत्तर येतं, ‘हे आमच्याकडे नाही.’ पैसा कुठून निघतो, कोणत्या टप्प्यावर वळतो, निर्णय कोणत्या महिन्यात होतो हे कागदावर काढल्याशिवाय पत्र लिहायला बसू नये, असं माझं मत आहे. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावरचं निवेदन म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला ताशा.

इंग्लंडमधल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा उपयोग चांगला केला. प्रत्येक नगरपालिकेला तेच प्रश्न: गेल्या वर्षी किती ठिकाणी तांबी बसवली जायची, यंदा किती ठिकाणी? तरतूद किती होती, किती आहे? एकेका नगरपालिकेचं उत्तर बातमी होत नाही. शंभर उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की नकाशा तयार होतो, आणि ‘आमच्या भागात सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीसमोर त्याच्याच मतदारसंघाचा आकडा ठेवता येतो.

मोजणीवरच घाव पडतो तेव्हा काय होतं हे 2025नं दाखवलं. यूएसएडच्या पैशावर 1984पासून चालणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणं 90हून अधिक देशांत घरोघर जाऊन विचारत आली आहेत: मूल नको असूनही कोणतंही साधन न वापरणाऱ्या बायका किती, साधन सोडलं तर का सोडलं? जागतिक पातळीवर आपण जे आकडे ऐकतो त्यातले पुष्कळ इथून येतात. फेब्रुवारी 2025मध्ये हे काम थांबवलं गेलं. पुढे खासगी देणगीवर त्यातलं काही पुन्हा उभं राहिलं. सेवा तोडताना मोजपट्टीही तोडली तर पुढच्या मोहिमेच्या हाती काय उरतं? या बातमीवर गीलच्या गोदामाइतकी ओरड झाली नाही, आणि मला ती जास्त गंभीर वाटते.

देणग्यांनी भागतं का

सरकारनं हात आखडला की पहिली सूचना येते ती वर्गणीची. ती चुकीची नाही, पण तिची मर्यादा ओळखावी. 2002मध्ये बुश सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचे 3.4 कोटी डॉलर अडवले, तेव्हा जेन रॉबर्ट्स आणि लोइस अब्राहम या दोन अमेरिकी महिलांनी आवाहन केलं: 3.4 कोटी लोकांनी एकेक डॉलर पाठवा. पाकिटांमधून खरोखर एकेक डॉलरच्या नोटा येऊ लागल्या. पण अनेक वर्षांत मिळून जमलेली रक्कम एका वर्षी अडवलेल्या रकमेच्याही बरीच खाली राहिली. त्या मोहिमेचं खरं यश वेगळं होतं: या विषयावर लोक गप्प आहेत म्हणजे त्यांची संमती आहे, हा समज तिनं मोडला.

2017मध्ये ट्रम्प सरकारनं 1984च्या रेगनकालीन मेक्सिको सिटी धोरणाची पुन्हा अंमलबजावणी केली. या धोरणानुसार स्वतःच्या पैशानंसुद्धा गर्भपाताची सेवा किंवा सल्ला देणाऱ्या परदेशी संस्थांना अमेरिकी मदत मिळत नाही. नेदरलँड्सच्या मंत्री लिलियाने प्लौमेन यांनी काही आठवड्यांत ‘शी डिसाइड्स’ ही मोहीम उभी केली आणि 2 मार्चच्या ब्रुसेल्स परिषदेत 18.1 कोटी युरोंची आश्वासनं मिळवली. एका सरकारची पोकळी इतर सरकारांनी भरायची, ही कल्पना तेव्हा बऱ्यापैकी चालली. पण ज्या देशांच्या जिवावर ती चालते तेही पाठ फिरवू शकतात. ब्रिटननं 2021मध्ये मदतीचं प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणताना लोकसंख्या निधीच्या साधनपुरवठा कार्यक्रमाची मदत 15.4 कोटी पौंडांवरून 2.3 कोटींवर आणली. पंच्याऐंशी टक्के कपात, एका झटक्यात. 2012मध्ये कुटुंबनियोजनाची जागतिक शिखर परिषद ज्या लंडनमध्ये भरली होती, तिथल्याच सरकारकडून.

मेक्सिको सिटी धोरणाबद्दलचा एक निष्कर्ष सांगायलाच हवा. सहाराच्या दक्षिणेकडच्या 26 देशांचा 1995 ते 2014 या काळातला अभ्यास 2019मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या देशांत अमेरिकी मदत जास्त होती तिथे धोरण लागू असलेल्या वर्षांत गर्भनिरोधकांचा वापर सुमारे 14 टक्क्यांनी घटला आणि गर्भपाताचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं. गर्भपात रोखण्याच्या नावाखाली काढलेल्या नियमानं गर्भपात वाढवले, कारण त्याच संस्था गर्भनिरोधकंही देत होत्या. गीलच्या मालावरही ‘गर्भपाताची साधनं’ असा शिक्का अमेरिकेकडून मारला गेला. खरं तर 1973च्या हेल्म्स दुरुस्तीमुळे अमेरिकी मदतीतून गर्भपाताची साधनं खरेदी करताच येत नाहीत.

जिंकलेल्या मोहिमा आणि त्यातला सापळा

कोलोरॅडोत 2009मध्ये एका खासगी देणगीदार फाउंडेशनच्या पैशांतून केंद्रांना तांबी आणि इम्प्लांट मोफत देता येऊ लागलं. 2013पर्यंत किशोरवयीन मुलींची बाळंतपणं सुमारे 40 टक्क्यांनी घटली. घट सगळ्या देशात होत होती, पण इथे ती जास्त वेगानं झाली. देणगीची मुदत संपत आली तेव्हा 2015मध्ये राज्यानं पैसा द्यावा हे विधेयक सिनेटच्या समितीतच मेलं. मोहीम थांबली नाही. इतर फाउंडेशनांकडून एका वर्षाचा टेकू घेतला, आणि 2016च्या राज्य अर्थसंकल्पात 25 लाख डॉलर मिळवले. एका हरलेल्या मतदानानंतर सेवा मधल्या वर्षात बंद पडू न देणं, मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. बंद पडलेली सेवा पुन्हा मागणं आणि चालू सेवेसाठी पैसे मागणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ॲक्सेसबीसी ही मोहीम 2017मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केली. एकच मागणी: सगळ्यांना सगळी गर्भनिरोधकं मोफत. पत्रं, पुन्हा पत्रं, प्रत्येक आमदाराशी भेट. 2020च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षानं आश्वासन दिलं, तरीही दोन अर्थसंकल्प कोरडे गेले. 1 एप्रिल 2023पासून योजना लागू झाली. आश्वासन मिळाल्यावर घरी न जाणं हा तिथला कळीचा भाग.

आता सापळा. ‘एक पौंड घाला, नऊ वाचवा’ हा युक्तिवाद लेखापालाला पटतो, पण तो एकटाच वापरला की विषयाचा रोख हळूच बदलतो. कोणाची मुलं होणं सरकारला महाग पडतं? गरिबांची, स्थलांतरितांची. मग साधन देण्याऐवजी साधन गळ्यात मारण्याकडे गाडी वळते. हा इतिहास काल्पनिक नाही. नॉरप्लांट हे इम्प्लांट अमेरिकेत 1990मध्ये मंजूर झालं आणि लगेच काही न्यायाधीशांनी शिक्षेच्या अटीत ते घालायला सुरुवात केली, काही आमदारांनी सरकारी मदत घेणाऱ्या बायकांना ते बसवण्यासाठी पैसे देण्याचे प्रस्ताव आणले. आपल्याकडे 1976च्या नसबंदीची आठवण अजून पुसलेली नाही. 1968च्या तेहरान परिषदेत मान्य झालेलं तत्त्व होतं, मुलं किती आणि किती अंतरानं हे मोकळेपणानं ठरवणं हा आईवडिलांचा मूलभूत हक्क. मूल हवं असणं हेही त्याच हक्कात येतं. बचतीचा आकडा पुराव्याच्या पानावर असावा, मागणीच्या पानावर नसावा.

यातून मोहिमेची भाषाही ठरते. बायकांचे अनुभव लागतात, पण ते मिळवताना कोणाला उघडं पाडू नये. या विषयावर जाहीर बोलण्याची किंमत प्रत्येकीसाठी सारखी नसते. नर्स, औषधविक्रेते आणि डॉक्टर इथे उपयोगी पडतात: रोज किती जणींना परत पाठवावं लागतं हे त्यांना माहीत असतं आणि ते नाव न घेता सांगू शकतात. 1921मध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आणि त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा सरकारी पैशाचा प्रश्नच नव्हता. पदरमोड होती आणि बोलण्याची किंमत होती. कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. व्यक्तीच्या पदराला बांधलेली सेवा तिच्या ताकदीइतकीच टिकते, म्हणून तर ती सार्वजनिक तिजोरीवर आणण्यासाठी पुढची पन्नास वर्षं खर्ची पडली.

या घडीला जागतिक मोहिमांच्या मागण्यांत एक मुद्दा मागे पडलेला दिसतो. गेल्या दहा-बारा वर्षांत इम्प्लांट स्वस्त झाल्यावर गरीब देशांत ती मोठ्या प्रमाणावर बसवली गेली. गोळी बाई स्वतः थांबवू शकते, इंजेक्शन न घेता राहू शकते. दंडातली कांडी मात्र ती स्वतः काढू शकत नाही. त्याला प्रशिक्षित माणूस आणि छोटी शस्त्रक्रिया लागते. 2024मध्ये बसवलेलं इम्प्लांट 2027 ते 2029च्या दरम्यान काढावं लागेल, मूल हवंसं झालं किंवा त्रास झाला तर त्याआधीच. बसवणारा प्रकल्प बंद झालेला असेल तर काढायला कोणाकडे जायचं? नव्या साठ्याची मागणी करणाऱ्या प्रत्येक निवेदनात काढणीसाठीची माणसं, साहित्य आणि त्यांचा पैसा हा वेगळा रकाना म्हणून असला पाहिजे, आणि कपात करणाऱ्या देणगीदारानं आधी बसवलेल्या इम्प्लांटच्या काढणीपुरता तरी पैसा शेवटपर्यंत द्यावा, ही मागणी आत्ताच करायला हवी.